सीओपीडीच्या औषधांचा त्रास: आधी पिशवी ओता, मग बोलू

प्रश्न असा आहे: "वडील ६८ वर्षांचे, गाव करवीर तालुक्यात. तीसेक हंगाम गुऱ्हाळावर चुलवाणाला जळण घातलं. बिडी चार वर्षांपूर्वी सुटली. फुंकायच्या तपासणीत सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, निघाला, ४२ टक्के सांगितलं. सकाळ-संध्याकाळ पंप आहे, रात्री दम्याची गोळी आहे. शिवाय दम वाढला की गावातले डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात, हे गेल्या वर्षभरात सात वेळा झालं. आता हात थरथरतात, तोंडात पांढरा थर येतो, झोप नाही, साखर वाढली, चेहरा गोल झालाय आणि लघवीला अडतंय. वडील म्हणतात, आजारापेक्षा औषधच जड झालंय, सगळं बंद करतो आणि पाहुण्यांनी आणलेली पुडी घेतो. नक्की कोणतं औषध बंद करावं?"

वडिलांची तक्रार खरी आहे, हे पहिल्यांदा त्यांना सांगा. घरातली माणसं इथंच चुकतात. "डॉक्टरनं दिलंय ना, मग घ्या गुमान" म्हटलं की म्हातारा माणूस वाद घालत नाही, पंप उशाखाली ठेवतो आणि घेतला म्हणून सांगतो. पंचवीसेक वर्षं मी कोल्हापुरात छातीचे रोगी तपासतोय. औषध चोरून सोडणारा रोगी मला भांडणाऱ्या रोग्यापेक्षा जास्त महाग पडलाय.

पण सगळं बंद करणं हा उपाय नाही. तुम्ही सहा तक्रारी लिहिल्यात, त्या एकाच औषधाच्या नाहीत. त्यांचे धनी वेगवेगळे आहेत आणि ते शोधता येतात. त्यासाठी घरातली झाडून सगळी औषधं एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. सगळी म्हणजे बीपीची, साखरेची, ॲसिडिटीची, सर्दीची, डोळ्यात घालायची, गुडघ्याला चोळायची, शेजाऱ्यानं दिलेली, सगळी.

डोळ्याच्या औषधाचं मुद्दाम सांगतो, कारण तिथं मी स्वतः फसलोय. पेठेतले एक आजोबा माझ्याकडे यायचे. दर खेपेला दम थोडा वाढलेला, दर खेपेला मी पंप वाढवायचो. असे तीन महिने गेले. शेवटी सून पिशवी घेऊन आली, तर तळाशी काचबिंदूचे थेंब होते, टिमोलॉल. आजोबा म्हणाले, "डोळ्याचं औषध छातीच्या डाक्टरला कशाला दावायचं?" टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर जातीचं औषध आहे. डोळ्यात घातलेला थेंब नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि श्वासनळ्या आवळतो. म्हणजे मी पंपानं नळ्या उघडत होतो आणि ते थेंबानं बंद करत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलले आणि दम आपोआप उतरला. दोष आजोबांचा नव्हता, मी विचारलंच नव्हतं. हृदयासाठी दिलेली मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकरं मात्र बहुतेक सीओपीडीवाल्यांना चालतात, ती परस्पर थांबवू नका. बीपीची रामिप्रिल, एनालाप्रिल चालू असेल तर तिचा कोरडा खोकला येऊ शकतो, आणि तो बिचाऱ्या फुप्फुसांच्या नावावर खपतो.

आता ते ४२ टक्के. त्याचा अर्थ ५८ टक्के फुप्फुस मेलं असा नाही. जोरात फुंकल्यावर पहिल्या एका सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते, ती त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाच्या ४२ टक्के आहे, एवढंच. सीओपीडीत हवा आत जाते, बाहेर निघताना अडकते. छाती आधीच फुगलेली, त्यात पुढचा श्वास घ्यायला जागा नाही, म्हणून धाप. गुऱ्हाळावरच्या जळव्याचं, म्हणजे जळण घालणाऱ्याचं, सगळं आयुष्य चुलवाणाच्या तोंडाशी जातं. चिपाडाचा धूर आणि वर बिडी, दोन्ही मिळून नळ्यांना आतून सूज आणि डाग. ते डाग औषधानं पुसत नाहीत. औषध नळ्या सैल करतं, सूज थोडी उतरवतं आणि दम उसळण्याचे प्रसंग कमी करतं. एवढ्या माफक कामासाठी आपण औषध देतो, म्हणून त्याची किंमतही माफक असायला हवी. वडिलांना जी किंमत मोजावी लागतेय ती जास्त आहे, हे मला मान्य आहे.

हात थरथरण्यापासून सुरुवात करू. हा त्रास नळ्या सैल करणाऱ्या औषधांचा, म्हणजे साल्ब्युटामॉल, लेव्होसाल्ब्युटामॉल, फॉर्मोटेरॉल यांचा. चहाची बशी हलते, सही वाकडी येते, छातीत धडधडतं. नवीन सुरू केलं असेल तर दोन-चार आठवड्यांत शरीर सरावतं. वडिलांचा त्रास आता वाढला असेल तर तातडीचा पंप दिवसातून किती वेळा ओढला जातो ते मोजा. बहुतेक घरांत हा आकडा कुणालाच माहीत नसतो. दिवसातून सहा-आठ वेळा लागत असेल तर रोजच्या पंपाचं काम नीट होत नाहीये. ही औषधं जास्त झाली की रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. पोटॅशियमची साधी रक्ततपासणी होते, ती करून घ्या. मूत्रपिंडं कशी आहेत ते कळल्याशिवाय रोज शहाळं पाजत बसू नका.

तोंडातला पांढरा थर पंपातल्या स्टिरॉइडचा, म्हणजे सूज उतरवणाऱ्या औषधाचा. औषध घशात बसतं आणि तिथं बुरशी धरते. आवाजही बसतो. पंप झाला की खळखळून चूळ भरायची, घसा गुळगुळवायचा आणि पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. आमच्याकडे अर्धी माणसं पंपानंतर पाणी पितात आणि गुळण्या केल्या म्हणून सांगतात. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे सकाळी दात घासायच्या आधी आणि रात्री जेवणाच्या आधी पंप, मग चूळ विसरत नाही. कवळी असेल तर ती रात्री काढून, घासून ठेवा, बुरशी कवळीखाली लपते. स्प्रेचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचं प्लॅस्टिकचं नळकांडं, लावा. धरलेली बुरशी तोंडात लावायच्या औषधानं आठ-दहा दिवसांत जाते.

इथं डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "यांना पंपातलं स्टिरॉइड लागतंच का?" सीओपीडीत ते सगळ्यांना लागत नाही, आणि त्यानं न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतो. साध्या रक्ततपासणीत इओसिनोफिल नावाच्या पेशींचा आकडा येतो. तो ३०० च्या वर असेल तर स्टिरॉइडचा फायदा चांगला होतो, १०० च्या खाली असेल तर फारसा होत नाही. मात्र तपासणी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना करू नका, तेव्हा हा आकडा खोटा उतरलेला असतो. वर्षात सात वेळा दम उसळलेल्या माणसाचं पंपातलं स्टिरॉइड मी लगेच काढणार नाही, पण आकडा बघितल्याशिवाय वर्षानुवर्षं चालवणारही नाही.

लघवी अडणं ही तक्रार मी सगळ्यात आधी बघीन. टायोट्रोपियम, ग्लायकोपायरोनियम या पंपातल्या औषधांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो आणि ज्यांची प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या वाटेभोवतीची ग्रंथी, वाढलेली आहे त्यांची लघवी अडू शकते. वयाच्या ६८ व्या वर्षी प्रोस्टेट वाढलेली असणं नवलाचं नाही. त्यात पावसाळ्यात दुकानातून आणलेली सर्दीची गोळी पडली की दोघं मिळून घात करतात. सर्दीच्या गोळीचं नाव रोगी कधीच सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नसतं. लघवी बारीक होत असेल, थांबून थांबून येत असेल तर या आठवड्यात दाखवा. प्रोस्टेटची गोळी सुरू करून पंप तसाच चालवता येतो किंवा पंप बदलता येतो. पण लघवी पूर्ण थांबली आणि ओटीपोट फुगलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. टायोट्रोपियमसारख्या या पंपाचा फवारा चुकून डोळ्यात गेला आणि डोळा लाल होऊन ठणकायला लागला तर तेही तातडीचंच.

झोप. रात्रीची "दम्याची गोळी" कोणती ते स्ट्रिपवर वाचा. थिओफायलीन, डॉक्सोफायलीन, असेब्रोफायलीन यांपैकी काहीतरी असेल. थिओफायलीन हे चहा-कॉफीतल्या कॅफिनचं सख्खं भावंड आहे. मळमळ, धडधड, बेचैनी, झोप उडणं, सगळं त्याच्यात येतं. त्याच्या उपयोगाच्या आणि विषाच्या मात्रेत अंतर फार थोडं असतं. दोन गोष्टींनी ती मात्रा नकळत चढते. एक, सिप्रोफ्लोक्सासिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक वर पडलं की. जुलाबासाठी कुणीतरी सिप्रो देतं आणि चौथ्या दिवशी रोगी उलट्या करत, नाडी १३० घेऊन येतो. दुसरी गोष्ट ऐकून लोकांना खोटी वाटते. बिडीच्या धुरानं यकृत थिओफायलीन भराभर निकालात काढतं. बिडी सुटली की ते काम मंदावतं आणि तीच गोळी अंगावर जड होते. चार वर्षांपूर्वी वडिलांची बिडी सुटली तेव्हा गोळीचा डोस कुणी कमी केला होता का? माझं मत विचाराल तर, चांगला पंप नीट घेणाऱ्या माणसाला या गोळीची गरज क्वचित उरते. पिशवीतून काही कमी करायचं झालं तर माझं बोट पहिल्यांदा हिच्याकडे जाईल. पण ते तुमच्या डॉक्टरांनी करायचं, तुम्ही नाही. आणि झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी आणू नका. ज्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याचा श्वास ती आणखी मंद करते.

आता खरा धनी. वाढलेली साखर, गोल चेहरा, आणि उडालेल्या झोपेचा मोठा वाटा, हे सगळं त्या "पाच दिवसांच्या गोळ्यां"चं आहे. स्ट्रिपवर प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट लिहिलेलं असेल. या स्टिरॉइडच्या गोळ्या आहेत. दम खरोखर उसळलेला असतो तेव्हा त्यांच्यासारखं औषध नाही. प्रेडनिसोलोन रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस, इतकं सहसा पुरतं. २०१३ साली स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पाच दिवस गोळ्या घेणारे आणि चौदा दिवस घेणारे यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत दम पुन्हा उसळण्याच्या बाबतीत फरक पडला नाही. म्हणजे तुमच्या गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवस दिल्या यात चूक नाही. प्रश्न सात वेळा दिल्या याचा आहे. त्या हिशेबानं ४० गुणिले ५ म्हणजे २००, आणि सात वेळा म्हणजे १४०० मिलिग्रॅम.

गंमत बघा. आमच्याकडे माणसं पंपाला घाबरतात आणि गोळी बिनधास्त गिळतात. "वो डाक्टर, पंप नगो, त्याची सवय लागती. गोळीच द्या की." गेल्या पंचवीस वर्षांत हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधं वेगळी, पंपातलं वजनाला जास्त कडक, त्यामुळे नुसत्या आकड्यांची तुलना तंतोतंत होत नाही. पण पंपातलं औषध थेट लागतं तिथं पोचतं, आणि जेवढं पोटात जातं त्याचा बहुतेक भाग यकृत पहिल्या फेरीतच मोडून टाकतं. गोळी मात्र डोळ्यांपासून हाडांपर्यंत सगळीकडे फिरते. मोतीबिंदू लवकर पिकतो, कातडी पातळ होऊन जरा घासलं तरी काळानिळा डाग पडतो, बीपी चढतं, हाडं पोकळ होतात. सवय लागण्याची भीतीच घालायची तर ती या गोळीची घालावी.

साखरेबद्दल एक बारकावा. सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडनं साखर दुपारनंतर आणि संध्याकाळी चढते. पहाटेची उपाशीपोटीची साखर बऱ्याचदा छान येते आणि सगळे निर्धास्त होतात. गोळ्या चालू असतील त्या दिवसांत दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर बघा. गोळी सकाळी नाष्ट्यानंतर एकदम घ्या, संध्याकाळी नको, म्हणजे झोपेचं निम्मं भांडण मिटतं.

वडील पाटावरून किंवा संडासातून उठताना हात टेकतात का, ते बघा. स्टिरॉइडनं मांड्यांचे स्नायू झिजतात आणि घरचे त्याला "आता वय झालं" म्हणतात. अचानक पाठीत कळ येऊन ती टिकून राहिली, किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर मणक्याचा एक्स-रे काढा. वर्षात सात कोर्स झालेल्या माणसाच्या हाडांची घनता मोजणं मी लांबवणार नाही.

एक धोक्याचं सांगून ठेवतो. नुसता पाच दिवसांचा कोर्स एकदम थांबवला तर काही होत नाही. पण जो माणूस जवळजवळ महिन्याआड स्टिरॉइड घेतोय, त्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना आपलं स्वतःचं स्टिरॉइड बनवायचा विसर पडलेला असू शकतो. अशा माणसानं सगळं एकदम सोडलं, त्यातच ताप किंवा जुलाब झाले, की गळून जाणं, उलट्या, बीपी कोसळणं असा प्रसंग येतो. सकाळच्या कॉर्टिसॉलच्या, म्हणजे शरीराच्या त्याच स्वतःच्या स्टिरॉइडच्या, तपासणीनं याचा अंदाज येतो. म्हणून "सगळं बंद करतो" हे वाक्य मला नुसतं चुकीचं नाही, भीतीदायक वाटतं.

मग सात वेळा गोळ्या का लागल्या? माझा पहिला संशय कायम पंप ओढण्याच्या पद्धतीवर असतो. रोग्याला "पंप घेता का?" असं मी विचारत नाही, "ओढून दाखवा" म्हणतो. "मी ओढतोय की वो नीट" म्हणणाऱ्यानं झाकण न काढता पंप दाबलेला मी पाहिलाय. पावडरीची कॅप्सूल यंत्रात न घालता वर्षभर पाण्याबरोबर गिळणारे एक गृहस्थ होते, ते तक्रार करायचे की औषधाचा गुण येत नाही.

दोन जातीचे पंप असतात आणि दोघांची तऱ्हा उलटी आहे. स्प्रेचा असेल तर आधी हलवायचा, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, मग दाबता दाबता सावकाश, चार-पाच सेकंद लावून आत ओढायचं. पावडरीचा असेल तर उलट, सुरुवातीपासून जोरात आणि खोल ओढायचं, कारण पावडर तुमच्या ओढण्यानेच उडते. दोन्हींत शेवटी दहापर्यंत मनात मोजून श्वास धरायचा. जोर कमी पडत असेल तर पावडर सोडून स्पेसरसकट स्प्रेवर जाणं बरं. स्पेसरचं नळकांडं आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसंच निथळत ठेवा, फडक्यानं पुसू नका. पुसलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज धरते आणि औषध भिंतीला चिकटून बसतं.

आपल्याकडच्या पावसाचाही यात हात आहे. जून ते सप्टेंबर घरात सगळंच सादळतं, मग कॅप्सूल कशी सुटेल? काही जण आठवड्याच्या कॅप्सुली स्ट्रिपमधून काढून डबीत ठेवतात. गगनबावड्याकडच्या एका रोग्याच्या डबीत मला पावडरीचे खडे सापडले होते. घ्यायच्या क्षणीच स्ट्रिप फोडायची, ओल्या हातानं धरायची नाही, ओढून झाल्यावर यंत्र उघडून पावडर उरली का ते बघायचं. उरली असेल तर पुन्हा ओढायचं.

पद्धत पक्की असूनही दम उसळत असेल तर दुसरीकडे बघावं लागतं. प्रत्येक धाप सीओपीडीची नसते. हृदय दमलेलं असेल, पायाला सूज असेल, फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली असेल, न्यूमोनिया किंवा टीबी असेल. सात कोर्स झालेत, तर छातीचा ताजा फोटो आणि बेडक्याची टीबीसाठी तपासणी झालीच पाहिजे, कारण स्टिरॉइडच्या आडोशानं टीबी वाढतो. प्रतिजैविकही दर वेळी लागत नाही. बेडका पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, वाढला, आणि सोबत दम वाढला, तेव्हा त्याचा उपयोग.

आणि धूर. बिडी सुटली, पण धूर सुटला का? घरात पाणी तापवायला चूल पेटते का, न्हाणीघर झोपायच्या खोलीला लागून आहे का, रात्री डासांची अगरबत्ती जळते का? ऊस गेला की शिवारात पाचट पेटवतात, त्या आठवड्यात वडिलांना संध्याकाळी घरात ठेवा आणि खिडक्या लावून घ्या. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलाल असा उधळतात की चांगल्या छातीचा माणूसही खोकतो. देवाला जायचंच असेल तर यात्रा आटोपल्यावर, साध्या दिवशी जा. जोतिबा रागवायचा नाही.

चालणं हे औषधच आहे आणि त्याला त्रास नाही, फक्त कंटाळा आहे. रोज सपाटीवर चाला, धाप लागली की थांबा, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून हवा हळूहळू बाहेर सोडा, आत घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ. आमचे रंकाळ्यावर फिरणारे रोगी अंतर बाकांत मोजतात, या महिन्यात तीन बाकं, पुढच्या महिन्यात पाच. जेवण एकदम पोटभर नको, फुगलेलं पोट छातीला वर ढकलतं. मटण, अंडी, दूध बंद करू नका, झिजलेल्या स्नायूंना तेच लागतं. तांबडा रस्सा मात्र स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तेवढे दिवस आवरा. रात्री घशाशी आलेलं आंबट पाणी खोकलाही वाढवतं. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरी असेल तर या आजारात ९९ चा आग्रह धरू नका. ऑक्सिजन लागलाच तर आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवायचा असतो. मशीन भाड्यानं आणून स्वतःच्या मनानं पाच लिटरवर लावून ठेवलं की काही रोगी शांत झोपतात आणि घरच्यांना वाटतं बरं वाटलं. ती झोप कार्बन डायऑक्साइडची असू शकते. आकडा ८८ च्या खाली गेला, एक वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर झाले, किंवा माणूस गुंगीत बरळायला लागला, तर गाडी काढायची.

एका कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्या: रोजची औषधं कोणती, दम वाढला तर आधी काय, किती वेळा, आणि कधी निघायचं. तो कागद, एक जादा पंप, स्पेसर आणि ताजे रिपोर्ट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दाराजवळ टांगून ठेवा. २०१९ च्या महापुरात चिखली, आंबेवाडीकडून माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. आमचे रोगी औषधांच्या नावांशिवाय आले, "निळा पंप आणि पांढरी गोळी" एवढंच सांगत. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा ज्यांच्याकडे पिशवी होती त्यांच्यावर निम्म्या वेळात उपचार सुरू झाले.

राहिली पुडी. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. शिकलेला वैद्य नाव लिहून, चिठ्ठी देऊन औषध देत असेल तर ती चिठ्ठीही पिशवीत टाका. पण ज्या पुडीवर नाव नाही, ती घेऊन दोन दिवसांत दम उतरला, भूक वाढली, गुडघेही दुखायचे थांबले, तर मला एकाच गोष्टीचा वास येतो. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड कुटून मिसळलेलं असतं, हे आपल्या देशात वारंवार सापडलेलं आहे. वडील ज्याला कंटाळून पुडीकडे चाललेत, तेच त्यांना तिथं मिळेल, फक्त किती मिलिग्रॅम ते कुणालाच ठाऊक नसेल. म्हणून एक विचारा त्यांना, रागावून नाही, जेवायला बसल्यावर सहज: पुडी घ्यायची आहे, की सुरू केलीच आहे? तो गोल चेहरा बघता मला शंका आहे. सुरू केली असेल तर ती फेकून देऊ नका आणि एका दिवसात तोडूही नका. उरलेल्या पुड्या मोजा, किती दिवसांपासून चालू आहे ते लिहा आणि बाकीच्या औषधांबरोबर पिशवीत घालून या आठवड्यातच छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.